सिगारेट महागली म्हणून सोडावीशी वाटली. सुटली ती उपचारांनी

सिगारेटवरचा कर वाढला की ओढणारे कमी होतात, हे अर्थशास्त्रातलं पक्कं निरीक्षण आहे. किंमत १० टक्क्यांनी वाढली तर श्रीमंत देशांत खप साधारण ४ टक्क्यांनी घटतो आणि कमी उत्पन्नाच्या देशांत साधारण ५ टक्क्यांनी, असं जागतिक आरोग्य संघटना वर्षानुवर्षं सांगत आली आहे. त्या घटलेल्या खपात माझाही वाटा होता. पण खप घटला तेव्हा माझ्या शरीरात काय चाललं होतं, हे त्या टक्केवारीत दिसत नाही. म्हणून हे सविस्तर लिहितो आहे.

करवाढ झाली, पाकीट महागलं आणि मी सिगारेटी खरोखरच कमी केल्या. दुपारची एक बंद झाली, रात्री जेवणानंतरच्या दोनांपैकी एक बंद झाली. महिन्याचा खर्च जवळपास पूर्वीइतकाच राहिला, आणि मला वाटलं, जमतंय. पण उरलेली प्रत्येक सिगारेट मी निराळ्या तऱ्हेने ओढू लागलो होतो. झुरका लांबला. धूर छातीत जास्त वेळ कोंडून धरायला लागलो. पूर्वी शेवटचा भाग तसाच विझवून टाकायचो, आता फिल्टरपर्यंत ओढायचो. अर्धी विझवून ठेवलेली पुन्हा पेटवायची, हेही सुरू झालं. असं थोटूक पुन्हा पेटवल्यावर येणारा जळका, कडवट वास ज्यांनी घेतला आहे, त्यांना त्याबद्दल वेगळं सांगायला नको.

जेरोम अद्दा आणि फ्रान्चेस्का कोर्नालिया या दोन अर्थतज्ज्ञांनी २००६ साली नेमकी हीच गोष्ट मांडली होती, हे मला बरंच नंतर कळलं. निकोटिन शरीरात मोडल्यावर त्याचं कोटिनिन बनतं, आणि ते मोजता येतं. कर वाढल्यावर लोक सिगारेटी कमी ओढतात, पण एकेका सिगारेटमधून जास्त निकोटिन खेचून घेतात, असा त्यांचा निष्कर्ष होता. पुढे इतर अभ्यासकांनी त्यावर आक्षेप घेतले. माझ्यापुरता मात्र तो तंतोतंत खरा होता. 'लाइट' म्हणून विकल्या गेलेल्या सिगारेटींचंही असंच झालं. त्यांच्या फिल्टरला बारीक छिद्रं असतात. यंत्राने ओढून पाहिलं की त्यातून हवा मिसळते आणि टारचा, म्हणजे धुरातल्या चिकट डांबरी अंशाचा, आकडा कमी येतो. माणूस ओढतो तेव्हा ती छिद्रं बोटांनी आणि ओठांनी झाकली जातात, झुरकेही खोल जातात. शरीराला जेवढं निकोटिन हवं असतं, तेवढं ते मिळवतंच.

ओढणाऱ्यांच्या गप्पांत कराचा विषय निघाला की सूर ठरलेला असतो: आमच्या व्यसनावर यांची तिजोरी चालते. मीही त्या सुरात सूर मिसळत असे. आणि या रागाला इतिहास आहे. १६०४ साली इंग्लंडचा राजा पहिला जेम्स याला तंबाखूचा इतका तिटकारा होता की त्याने आयात तंबाखूवरचा कर जवळजवळ ४००० टक्क्यांनी वाढवला. तंबाखू काही थांबली नाही. उलट, पुढच्या काळात त्याच तंबाखूच्या महसुलावर राज्यकर्ते अवलंबून राहू लागले. तंबाखूने माणसं मरू नयेत असंही वाटावं आणि तिच्यापासून मिळणारं उत्पन्नही आटू नये, ही सरकारांची ओढाताण तेव्हापासूनची आहे.

तरीही एक गोष्ट मला नाकारता येत नाही. सिगारेट महागली नसती तर मी उपचारांसाठी गेलो नसतो. सोडायची इच्छा मनात कुठेतरी होतीच, पण ती नेहमी पुढच्या महिन्यावर ढकललेली असायची. किंमत वाढली आणि ती इच्छा त्याच महिन्यात येऊन उभी राहिली. जोनाथन ग्रुबर आणि सेंधिल मुल्लैनाथन यांनी अमेरिका आणि कॅनडातली आकडेवारी तपासून २००५ साली एक वेगळाच निष्कर्ष मांडला होता: सिगारेटवरचा कर वाढल्यावर धूम्रपानाकडे ओढा असलेले लोक अधिक समाधानी असल्याचं सांगतात. कराने दुखावलेला माणूस समाधानी कसा होईल, असं वरवर वाटतं. मला ते लगेच पटलं. स्वतःला आवरायला बाहेरून कारण मिळालं की आतल्या आत सुटल्यासारखं वाटतं.

व्यसनमुक्ती केंद्रात पहिल्या भेटीत समुपदेशक बाईंनी मला उपदेश केला नाही. फुप्फुसांचे फोटोही दाखवले नाहीत. एक छोटी प्रश्नावली पुढे ठेवली. कार्ल फागरस्ट्रॉम या स्वीडिश मानसशास्त्रज्ञाच्या नावाने ती ओळखली जाते. प्रश्न सहा, गुण दहापर्यंत. दिवसाला किती ओढता, आजारी असताना ओढता का, मनाई असलेल्या जागी थांबणं जड जातं का, असे ते प्रश्न. पण त्यातला सर्वांत बोलका प्रश्न साधा दिसतो: सकाळी जाग आल्यावर पहिली सिगारेट किती वेळाने? पाच मिनिटांच्या आत असेल तर पूर्ण तीन गुण. मी उत्तर लिहिलं आणि बाई म्हणाल्या, "तुम्ही किती ओढता यापेक्षा हे उत्तर मला जास्त सांगतं."

रात्रभराच्या झोपेत शरीरातलं निकोटिन बरंचसं उतरतं. दर दोन तासांनी ते साधारण निम्मं होत जातं. मेंदूत निकोटिन पकडणारी ग्राहकं असतात, आणि सतत ओढणाऱ्याच्या मेंदूत त्यांची संख्या वाढलेली असते. सकाळी ती सगळी रिकामी होऊन मागणी करू लागतात. सकाळच्या पहिल्या झुरक्याने जे सुख मिळतं, त्याचा मोठा भाग रात्रीपासून चढत आलेली अस्वस्थता शमण्याचा असतो. मी ज्याला 'डोकं चालायला लागलं' म्हणायचो, ते प्रत्यक्षात डोकं इतरांसारखं होत असे, एवढंच. हे ऐकताना माझी इतक्या वर्षांची एक खात्री ढासळली. सिगारेट मला एकाग्र करते, असं मी मनापासून मानत होतो.

मग त्यांनी एका यंत्रात फुंकायला सांगितलं. श्वास कोंडायचा, हळूहळू सोडायचा. त्यात कार्बन मोनॉक्साइड मोजतात. न ओढणाऱ्याचा आकडा एक अंकी असतो, माझा त्याच्या कितीतरी वर होता. हा वायू हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशेपटींहून जास्त घट्ट चिकटतो, म्हणजे रक्तातली ऑक्सिजनची जागा तो अडवून बसतो. "पण हा आकडा फार लवकर उतरतो," बाई म्हणाल्या. "एक-दोन दिवस न ओढता या, स्वतःच बघाल." सगळ्या प्रक्रियेत मला सर्वांत आधी हुरूप आला तो या वाक्याने. फुप्फुसांचं, हृदयाचं भलं वर्षांनी होणार. हा आकडा मात्र दोन दिवसांत डोळ्यांसमोर बदलणार होता.

माझं वय चाळिशीच्या पुढचं. आता सोडून काय उपयोग, हा प्रश्न मी विचारलाच. उत्तर मोठ्या अभ्यासातून आलेलं आहे. रिचर्ड डॉल आणि ब्रॅडफर्ड हिल यांनी १९५१ साली ब्रिटनमधल्या डॉक्टरांचाच पाठपुरावा सुरू केला. ३४,४३९ पुरुष डॉक्टर. पन्नास वर्षांनी, २००४ मध्ये, डॉल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी निष्कर्ष प्रसिद्ध केले: आयुष्यभर ओढणाऱ्यांचं आयुष्य सरासरी दहा वर्षांनी कमी होतं. साठीत सोडलं तर त्यातली तीनेक वर्षं परत मिळतात, पन्नाशीत सोडलं तर सहा, चाळिशीत नऊ, आणि तिशीत सोडलं तर जवळजवळ सगळी. हे आकडे मी घरी येऊन बायकोला सांगितले. ती म्हणाली, "मग अजून सात-आठ तरी मिळतील की हो!" आणि आतल्या खोलीत जाऊन सगळ्या कपड्यांचे खिसे तपासायला लागली.

उपचारांत निवड होती. वरेनिक्लिन नावाची गोळी निकोटिनच्याच ग्राहकांवर जाऊन बसते, त्यांना अर्धवट जागं ठेवते आणि वरून ओढलेल्या सिगारेटला फारसं काही करू देत नाही. ती २००६ पासून वापरात आहे. तिची रचना सुचली सायटिसिनवरून. लॅबर्नम या झाडात सापडणारं हे द्रव्य बल्गेरियात १९६० च्या दशकापासून सिगारेट सोडवण्यासाठी वापरलं जातं, आणि ते बरंच स्वस्त पडतं. मी घेतला तो मार्ग त्वचेवर चिकटवायचा निकोटिनचा पॅच आणि निकोटिनचंच च्युइंगम एकत्र वापरण्याचा. पॅच दिवसभर रक्तात निकोटिनची एक संथ पातळी राखतो, आणि अचानक उसळणाऱ्या तलफेसाठी च्युइंगम. दोन्ही एकत्र घेतले तर एकट्या-दुकट्यापेक्षा यश जास्त मिळतं, हे अनेक चाचण्यांत दिसलं आहे.

च्युइंगम ही गोष्ट वाटते तितकी सोपी नाही, आणि तिथेच कित्येक जण कंटाळून सोडून देतात. ते नेहमीच्या च्युइंगमसारखं चघळत राहिलं तर निकोटिन थुंकीबरोबर पोटात जातं, उचकी लागते, मळमळतं, आणि फायदा होत नाही. ते हळू चावायचं. जिभेला झिणझिण्या आल्या, तिखटसर चव आली की थांबायचं आणि गाल व हिरडी यांच्यामध्ये दाबून ठेवायचं. चव गेली की पुन्हा दोन-चार वेळा चावायचं, जागा बदलायची. साधारण अर्धा तास हे चालतं. त्याआधी पंधरा मिनिटं कॉफी, फळांचा रस किंवा शीतपेय घ्यायचं नाही, कारण तोंडात आम्ल असेल तर निकोटिन आत शोषलंच जात नाही. जागं झाल्यापासून अर्ध्या तासाच्या आत पहिली सिगारेट लागत असेल तर ४ मिलिग्रॅमचं घ्यायचं, नाहीतर २ चं. हे सगळं बाईंनी माझ्याकडून समोर बसवून करून घेतलं. स्वीडनमध्ये हे च्युइंगम घडलं त्याचं मूळ पाणबुड्यांत आहे. पाणबुडीत ओढता येत नाही म्हणून नौसैनिक चघळायच्या तंबाखूकडे वळतात, हे कळल्यावर ओव्हे फर्नो या संशोधकाला निकोटिन तोंडावाटे देण्याची वाट सापडली.

आणखी एक सूचना होती, जी मला आधी कोणीच दिली नव्हती. सिगारेटच्या धुरातल्या काही घटकांमुळे यकृत कॅफिन भराभर मोडतं. सिगारेट थांबली की ते मोडणं मंदावतं आणि तितक्याच चहा-कॉफीने रक्तात कॅफिन कितीतरी जास्त साठतं. छातीत धडधड, हात थरथरणं, झोप उडणं हे सगळं मग निकोटिनच्या नावावर खपतं आणि माणूस म्हणतो, मला सोडणं सोसत नाही. मी कॉफी निम्मी केली. सोडू पाहणाऱ्या प्रत्येकाला हे पहिल्या दिवशी सांगितलं गेलं पाहिजे, असं मला फार वाटतं.

तारीख ठरवली, आदल्या रात्री घरातल्या काड्या, लायटर, राखदाण्या बाहेर काढल्या, सकाळी उठल्या उठल्या दंडावर २१ मिलिग्रॅमचा पॅच लावला.

पहिला आठवडा वाईट गेला. तलफ ही सलग नसते, हे त्या आठवड्यात कळलं. ती येते, चढते, काही मिनिटांत उतरते आणि पुन्हा येते. चढत असताना ती कधीच उतरणार नाही असं वाटतं, आणि त्या क्षणी बुद्धी अतिशय चपळ होते, पण फक्त एकाच दिशेने. आज कामाचा ताण आहे, आजचा दिवस सोडून द्या, उद्यापासून नक्की. ही वाक्यं माझ्याच आवाजात यायची, म्हणून ती ओळखणं जड गेलं. बाईंनी सांगितलेला उपाय अगदी साधा होता: त्या वाक्यांना उत्तर द्यायचं नाही, उठून जागा बदलायची, च्युइंगम तोंडात टाकायचं आणि घड्याळाकडे बघायचं.

च्युइंगमने सिगारेटसारखं वाटत नाही, ही तक्रार मी पहिल्याच पाठपुराव्याच्या भेटीत केली. ते तसं वाटणारच नाही, असं उत्तर आलं. झुरक्यातलं निकोटिन दहा ते वीस सेकंदांत मेंदूत पोचतं. च्युइंगमला वीस-तीस मिनिटं लागतात, पॅचला काही तास. सिगारेटचा तो झटपट तडाखाच व्यसन घडवतो. औषधातलं निकोटिन हळू येतं म्हणून ते फिकं लागतं, आणि त्यामुळेच पुढे ते सोडता येतं. हे समजल्यावर मी च्युइंगमकडून सुखाची अपेक्षा ठेवणं बंद केलं आणि ते कामाला येऊ लागलं.

बाकी त्रास होते. चिडचिड तर घरातल्या सगळ्यांनी भोगली. रात्री पॅचमुळे इतकी ठसठशीत स्वप्नं पडायची की दचकून जाग यायची. मग झोपताना तो काढून ठेवायला लागलो. पोट साफ होईना. तोंड आलं. खोकला कमी होण्याऐवजी आधी वाढला, कारण श्वासनलिकांतले बारीक केस पुन्हा काम करायला लागून साचलेला कफ वर ढकलू लागले होते. वजन वाढलं. सोडणाऱ्यांचं वर्षभरात सरासरी चार-पाच किलो वजन वाढतं, हे आधी सांगितलेलं होतं म्हणून मी घाबरलो नाही. तीन-चार आठवड्यांत शरीराची ओरड बरीच खाली आली. यंत्रावरचा आकडा तर दुसऱ्याच भेटीत न ओढणाऱ्यासारखा आला होता आणि मी बाईंना तो पुन्हा एकदा मोजायला लावला.

याच आठवड्यांत व्हेपचा, म्हणजे ई-सिगारेटचा, प्रश्न आला. माझ्या एका सहकाऱ्याने सिगारेट सोडली ती व्हेपवर जाऊन. तो म्हणायचा, कशाला च्युइंगमच्या नादी लागतोस, हे घे, हाताला काम आहे, तोंडाला धूर आहे. दुसरीकडे ताईचा फोन. माझा भाचा शिकायला बाहेर राहतो. त्याच्या सामानात तिला व्हेप सापडला होता आणि ती रडकुंडीला आली होती. मी त्याच्या वयात होतो तेव्हापासून ती मला सिगारेट ओढताना बघत आली आहे, आणि इतकी हादरलेली मी तिला कधी पाहिली नव्हती. मी तसं म्हटलं, तर म्हणाली, "अरे, तुझी सिगारेट निदान माहितीची तरी आहे. हे काय आहे तेच कळत नाही."

या एका वाक्यात लोकांची व्हेपविषयीची वृत्ती जवळजवळ पूर्ण आली आहे. जिने माणसं मरतात हे सिद्ध झालं आहे, तिची सवय झाली म्हणून तिची भीती वाटत नाही. जे नवं आहे त्याची भीती जास्त. या भीतीला २०१९ साली मोठं खाद्य मिळालं. अमेरिकेत व्हेप ओढणाऱ्यांमध्ये फुप्फुसांच्या गंभीर आजाराची लाट आली. फेब्रुवारी २०२० पर्यंत रुग्णालयात दाखल झालेले किंवा दगावलेले २,८०७ रुग्ण नोंदले गेले, त्यांतले ६८ मृत्यू. तपासात बोट रोखलं गेलं ते प्रामुख्याने 'व्हिटॅमिन ई ॲसिटेट' या तेलकट पदार्थावर. गांजातलं नशा आणणारं द्रव्य असलेल्या, बहुतांशी चोरट्या मार्गाने आलेल्या, व्हेपमध्ये बसवायच्या द्रवाच्या काडतुसांत तो मिसळलेला होता. पण लोकांच्या मनात उरलं ते एवढंच, की व्हेपने माणसं मेली. निकोटिनचा व्हेप सिगारेटइतकाच किंवा तिच्याहून वाईट आहे असं मानणारे त्यानंतर वाढले, आणि त्यांत सिगारेट ओढणारेही होते. सिगारेट न सोडण्याचं आणखी एक कारण त्यांना मिळालं.

आज वापरात असलेल्या व्हेपचं मूळ २००३ च्या सुमारास होन लिक या चिनी औषधतज्ज्ञाच्या शोधात आहे. तो स्वतः सिगारेट ओढणारा, आणि त्याचे वडील फुप्फुसाच्या कर्करोगाने गेले. विचार सरळ होता. मायकेल रसेल या ब्रिटिश मानसोपचारतज्ज्ञाने १९७६ मध्येच म्हणून ठेवलं होतं की लोक ओढतात निकोटिनसाठी आणि मरतात टारमुळे. टार येतं जळण्यातून. सिगारेटचं पेटतं टोक झुरक्यासरशी ९०० अंश सेल्सियसच्या आसपास तापतं, आणि त्या धुरात हजारो रसायनं असतात, त्यांतली सत्तरच्या आसपास कर्करोग घडवणारी. व्हेपमध्ये काही जळत नाही, द्रव तापून वाफ होते. त्यावरून इंग्लंडच्या सार्वजनिक आरोग्य यंत्रणेने २०१५ मध्ये व्हेप सिगारेटपेक्षा सुमारे ९५ टक्के कमी घातक असल्याचा अंदाज जाहीर केला, आणि त्यावर जगभर कडाक्याचं भांडण झालं. आकडा नेमका किती यावर वाद होऊ शकतो. पण सिगारेटपेक्षा कमी घातक, आणि तरीही निरुपद्रवी नाही, एवढं म्हणायला मला संकोच वाटत नाही. सोडायला मदत होते हेही खरं. २०१९ साली पीटर हायेक यांच्या चमूने इंग्लंडमध्ये केलेल्या चाचणीत व्हेप घेतलेल्यांपैकी १८ टक्के लोक वर्षाअखेरीस सिगारेटमुक्त होते, पॅच-च्युइंगमसारखे उपाय घेतलेल्यांपैकी ९.९ टक्के. दोन्ही गटांना समुपदेशन मिळत होतं. मात्र व्हेपने सोडलेल्यांपैकी बहुतेक जण वर्षाअखेरीस अजून व्हेप ओढत होते.

देशांची धोरणं तर परस्परांच्या विरुद्ध टोकांना आहेत. भारताने २०१९ मध्ये कायदा करून व्हेपचं उत्पादन, आयात, विक्री, साठवण सगळ्यावर बंदी घातली. इंग्लंडने २०२३ मध्ये दहा लाख सिगारेट ओढणाऱ्यांना व्हेप देऊन सिगारेट सोडवण्याची योजना जाहीर केली. त्याच ब्रिटनने १ जून २०२५ पासून एकदा वापरून फेकायच्या व्हेपवर बंदी आणली, त्यामागचं एक कारण म्हणजे ते मुलांच्या हाती पडत होते.

मी व्हेप घेतला नाही. पॅच आणि च्युइंगमवर माझं चाललं होतं, आणि हात तोंडाकडे नेण्याची सवयच मला मोडायची होती. सहकाऱ्याला मात्र मी नावं ठेवत नाही. तो पेटती सिगारेट सोडून गेला, हे त्याच्या फुप्फुसांसाठी चांगलंच झालं. भाच्याची गोष्ट पूर्ण वेगळी. त्याने आयुष्यात सिगारेट ओढलेली नव्हती. कमी घातक म्हणायचं ते कशाच्या तुलनेत? त्याच्यासाठी तुलना स्वच्छ हवेशी होती. त्यात नव्या व्हेपमधलं निकोटिन क्षाररूपात असतं, घशाला खरवडत नाही, त्यामुळे जास्त मात्रा सहज आत जाते. "मामा, मी कधीही सोडू शकतो," तो म्हणाला. मी त्याला तोच प्रश्न विचारला, जाग आल्यावर किती वेळाने? तो बराच वेळ बोलला नाही. शेवटी म्हणाला, "उशीखालीच असतो." ताईला मी सांगितलं, त्याच्यावर ओरडू नकोस, त्याला समुपदेशकाकडे पाठव. आता तो कमी मात्रेच्या द्रवावर उतरत आला आहे. त्याला माझ्यापेक्षा जास्त वेळ लागेल असं वाटतं, कारण त्याच्या व्हेपला पाकिटासारखा शेवट नसतो. तो दिवसभर झुरके घेत राहायचा.

करांच्या बाबतीतही हाच भेद महत्त्वाचा आहे. अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्याने व्हेपवर सर्वांत आधी कर लावला आणि २०१३ मध्ये तो घाऊक किमतीच्या ९५ टक्क्यांवर नेला. नंतर अर्थतज्ज्ञांनी तिथली आकडेवारी तपासली, तेव्हा सिगारेट सोडणाऱ्या प्रौढांचं प्रमाण त्यामुळे कमी झाल्याचं दिसलं. व्हेपवर कर असावाच, मुलांना तो स्वस्त पडता कामा नये. पण तो सिगारेटच्या करापेक्षा ठळकपणे कमी असावा, आणि सिगारेटचा कर त्याआधी वर जावा, असं माझं मत झालं आहे. सिगारेटच्या किमतीत किमान ७५ टक्के हिस्सा कराचा असावा, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. बऱ्याच देशांत तो त्याहून खूप कमी आहे. हा कर वाढावा, असं आज मी, इतकी वर्षं तो भरून, म्हणतो. किंमत वाढली की सर्वांत जास्त मुलं दूर राहतात. ती दूर राहिली तर त्यांना माझ्यासारखं हे सगळं करावं लागणार नाही.

पण मग त्या पैशाचं काय होतं? २०१३-१४ मध्ये जगभरच्या सरकारांनी तंबाखूवरच्या उत्पादन करातून सुमारे २६९ अब्ज डॉलर गोळा केले आणि तंबाखू नियंत्रणावर १ अब्जाहून कमी खर्च केले. हा आकडा वाचल्यावर माझा जुना राग परत आला, फक्त त्याचं कारण बदललं. वेगळं करता येतं, हे काही देशांनी दाखवलं आहे. थायलंडने २००१ मध्ये तंबाखू आणि दारूवर २ टक्के अधिभार लावून तो थेट आरोग्य संवर्धनाच्या निधीत वळवला. फिलिपिन्सने २०१२ च्या कायद्याने तंबाखू-दारूचा कर वाढवला आणि त्या वाढीव महसुलाचा मोठा भाग गरिबांच्या आरोग्य विम्याला दिला.

आमच्या केंद्रातल्या गटात एक गृहस्थ होते. माझ्यापेक्षा वयाने मोठे, माझ्यापेक्षा कितीतरी वर्षं जास्त ओढलेले. पहिला आठवडा ते माझ्यापेक्षा नेटाने राहिले. पॅचचे पैसे संपले आणि ते येईनासे झाले. केंद्रात समुपदेशन फुकट होतं, औषधं नव्हती. दर पाकिटामागे त्यांनी आयुष्यभर कर भरला होता, आणि सुटायची वेळ आली तेव्हा त्यांच्या वाट्याला त्यातलं काहीच आलं नाही. ज्या सरकारला व्यसनावर कर लावता येतो, त्याने पॅच, च्युइंगम आणि गोळ्या मोफत द्याव्यात. पूर्ण बारा आठवडे द्याव्यात, आणि पुन्हा सुरुवात करावी लागली तर पुन्हा द्याव्यात. जागतिक आरोग्य संघटनेच्या तंबाखू नियंत्रण कराराने, जो २००५ पासून लागू आहे, करवाढही सांगितली आहे आणि उपचारही. देश पहिली गोष्ट करतात, कारण तिच्यातून पैसे येतात.

गटातल्या आम्ही काही जणांनी मिळून त्या गृहस्थांच्या औषधांची सोय केली आहे. समुपदेशक बाईंनी त्यांच्यासाठी सायटिसिनचं विचारलंय, ते मिळालं तर खर्चही कमी येईल. परवा त्यांच्याशी बोललो. अजून ओढतात, पण पुढच्या महिन्यातली तारीख त्यांनी स्वतःच सांगितली, आणि त्या दिवशी सकाळी मी त्यांच्याकडे जाणार आहे.